मंगळवारचे थेंब

सकाळी साडेसातला मी मामांना दवाखान्यात घेऊन गेले आणि दुपारी अडीचला त्यांना घेऊन परत आले. मधल्या वेळात त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं मला एकच विचारलं, "एवढंच?"

एवढंच. प्रत्यक्ष डोळ्याला हात लावला तो वीस-बावीस मिनिटं. माणूस आपल्या पायानं आत गेला, काळा गॉगल लावून आपल्या पायानं बाहेर आला, वर नर्सबाईंनी दिलेला चहा पिऊन "साखर कमी हाय" असंही म्हणाला. अशा माणसाला कोण आजारी म्हणणार? आणि तो आजारी नाही म्हटल्यावर त्याच्या घरच्या बाईला कोण दमलेली म्हणणार?

मामा म्हणजे माझे सासरे. ऐंशीला दोन वर्षं कमी. कन्नड-मराठी सीमेवरच्या वडगावात आमचं घर आहे. पुढे सोपा, म्हणजे बसायची जागा, मग स्वयंपाकघर आणि मागे एक लांब खोली, जिथे पूर्वी विजेवर कापड विणणारे आमचे दोन माग होते. गुडघे गेल्यावर मामांनी माग विकले, पण खोली सोडली नाही. त्यांची कॉट तिथेच आहे, पलीकडच्या भिंतीला लागून. त्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे चार माग चालतात. सकाळी आठला ते सुरू झाले की भिंत थरथरते, कॉट थरथरते आणि मामांना बरं वाटतं. मी मूळची खानापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. लग्न होऊन आले तेव्हा पहिले सहा महिने त्या आवाजानं माझं डोकं दुखायचं. आता सवय झाली.

घरात आम्ही दोघंच. सासूबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. नवरा गोव्याला कारखान्यात आहे, महिन्यातून दोनदा येतो. मुलगी बंगळूरला शिकते. मी इथल्या एका मराठी शाळेत शिकवते, निवृत्तीला चार वर्षं आहेत.

मोतीबिंदू काढणं म्हणजे आता काही विशेष राहिलं नाही हे मलाही कळतं. पण मामांची गोष्ट वेगळी होती. तरुणपणी मागावरचा सूत नेणारा धोटा उडून त्यांच्या डाव्या डोळ्याला लागला होता. मी लग्न होऊन आले तेव्हाच तो डोळा गेलेला होता. म्हणजे ज्या डोळ्याला हात लावायचा होता, तो एकुलता एक. डॉक्टरांनी फाइलीवर लाल पेनानं तेवढंच लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. मला म्हणाले, "ऑपरेशन माझं काम. पुढचे सहा आठवडे तुमचं." मी मान हलवली. वीस मिनिटं त्यांची आणि सहा आठवडे माझे, ही वाटणी तेव्हा मला फारशी खटकली नाही. ती पुढं खटकली.

"अॅडमिट नाही का करणार?" असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, "गरज नाही. म्हाताऱ्या माणसांना घरीच बरं वाटतं." अगदी खरं. फक्त घर म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही.

हातात एक कागद दिला. तीन बाटल्या. पहिलीचा थेंब दिवसातून सहा वेळा, दुसरीचा चार वेळा, तिसरीचा तीन वेळा. दोन थेंबांच्या मध्ये पाच मिनिटं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, डोळा चोळायचा नाही. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिंक आली तर?" नर्सबाई कन्नडमध्ये हसली. हसणं सगळ्या भाषांत सारखंच असतं म्हणा, पण तिचं "अय्यो अज्जा" मला अजून आठवतं.

पहिला थेंब तिनं घालून दाखवला. एका हातानं खालची पापणी ओढली, दुसऱ्या हातात बाटली, आणि म्हणाली, "मेले नोडी, अज्जा." वर बघा, आजोबा. मामांनी वर बघितलं, थेंब पडला, झालं. "हिंगे माडबेकु," ती मला म्हणाली. असंच करायचं.

आता हे तिला सोपं होतं. सत्तावीस वर्षांत मी मामांच्या तोंडाला कधी हात लावला नव्हता. पहिली कितीतरी वर्षं तर मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू दिला नाही, समोरच्या खुर्चीत बसले नाही. आणि आता दिवसातून तेरा वेळा त्यांची हनुवटी वर करायची, पापणी ओढायची आणि हुकूम सोडायचा, वर बघा. पहिल्या संध्याकाळी मी बाटली घेऊन त्यांच्या उशाशी नुसती उभी राहिले. माझा हातच पुढे होईना. मामांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी कानटोपी उगीचच नीट केली. शेवटी मी म्हणाले, "मेले नोडी, मामा." "वर बघा" मला म्हणवेना, पण नर्सबाईचे शब्द तोंडातून निघाले, जणू हुकूम तिचा, मी नुसती पोचवणारी. मामांनी लगेच वर बघितलं. तेव्हापासून आमच्या घरात थेंबाची भाषा कन्नड झाली.

बाटल्या तिन्ही दिसायला सारख्या, तशाच पांढऱ्या, टोपण तेवढं जरा वेगळं. मामांनी त्यावर आपला तोडगा काढला. जुन्या पेटीतून रिळाचे उरलेले दोरे मागवले, पहिल्या बाटलीच्या मानेला एक गाठ मारली, दुसरीला दोन, तिसरीला तीन. डोळ्यावर काळा गॉगल असताना नुसत्या बोटांनी. विणकराच्या हातची गाठ, सोडायला गेलं तर सुटायची नाही. "आता अंधारात बी चुकायचं न्हाय," म्हणाले. मी मनातून कौतुक केलं, तोंडानं केलं नाही. आमच्यात ती पद्धत नाही.

मग माणसं यायला लागली.

आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे जायचंच. दवाखान्यात माणूस असला तर वेळेचं बंधन तरी असतं, घरी असला की दार उघडंच. बिस्किटांचे पुडे, केळी, एकानं तर नारळ आणला. प्रत्येकाला बसवायचं, चहा टाकायचा, आणि वीस मिनिटांची हकिगत चाळीस मिनिटं सांगायची. आणि प्रत्येकाला डोळा बघायचाच. "बघू बघू, गॉगल काढा की जरा." नव्या सुनेचं तोंड बघायला आल्यासारखे यायचे. मी दोन दिवस गोड बोलून अडवलं, तिसऱ्या दिवशी गॉगलला हात घालणाऱ्या एका काकांचा हात धरला. गल्लीत बातमी झाली, मास्तरीणबाई लई चिडकी झालीया. झाले होतेच.

चौथ्या दिवशी निपाणीहून नणंद आली. मी तिला आक्का म्हणते, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. दह्याचं भांडं, शेंगदाण्याची चटणी आणि सूचना असं सगळं घेऊन आली. दिवसभर बापाच्या उशाशी बसली, पाय चेपले, रडली. त्यात खोटं काही नव्हतं, तिचा जीव आहे त्यांच्यावर. पण थेंबाची वेळ झाली की म्हणायची, "तूच घाल बाई, मला न्हाय जमायचं. माझा हात थरथरतो." चारच्या बसला जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तू हाईस म्हणून आम्ही निवांत हाय बघ." मी हसले. आत येऊन तिचे कप धुतले. खरं सांगायचं तर त्या वाक्याचा मला राग आला. सगळ्या जगाच्या निवांतपणाची जबाबदारी माझ्यावर टाकून निपाणीची बस निघून गेली होती.

नवरा रोज संध्याकाळी फोन करायचा. "आप्पा कसे आहेत? थेंब घातलेस? वाकू देऊ नकोस." मी होय होय म्हणायची. मी कशी आहे असं त्यानं विचारलं नाही असं नाही. एकदा विचारलं, पण मी उत्तर देईपर्यंत "बरं, ठेवतो" असं झालं.

ऑपरेशन सोमवारी झालं होतं. रजा एका आठवड्याची होती. पुढच्या सोमवारी शाळेत जायचं होतं आणि सहा थेंबांपैकी तीन माझ्या शाळेच्या वेळात यायचे. रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. मामा स्वतः थेंब घालू शकत होते. नुसत्या पाण्याच्या थेंबांच्या बाटलीवर त्यांच्याकडून दोन दिवस सराव करून घेतला होता, चुकत नव्हते. अडचण वेळेची होती. घड्याळ सोप्यात, गॉगलमधून आणि सुजलेल्या डोळ्यानं ते दिसायचं नाही. त्यांच्या साध्या फोनवर गजर लावून बघितला, तर वाजल्याबरोबर त्यांनी फोन कानाला लावला आणि "हॅलो, कोण बोलतंय? बोला की," असं चिडेपर्यंत म्हणत राहिले.

तेव्हा मामाच म्हणाले, "कशाला घड्याळ पायजे? माग हाय न्हवं?"

आणि खरंच की. शेजारचे माग सकाळी आठला सुरू होतात, अकराला चहाला थांबतात, दीडला जेवणाला, तीनला परत सुरू होतात. वर्षानुवर्षं यात पाच मिनिटांचा फरक नाही. अकराला माग थांबले की एक गाठीचा थेंब. दीडला थांबले की एक गाठीचा, मग दोन गाठीचा. तीनला सुरू झाले की एक गाठीचा, मग तीन गाठीचा. मधली पाच मिनिटं कशी मोजणार, असं मी विचारलं तर म्हणाले, "धोट्यातली सुताची एक कांडी संपाय लागती तेवढा येळ. त्यो माझ्या अंगात हाय." मला ते इतकं पटलं की मी कागदावर छान तक्ता करून स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवला. मास्तरकीची सवय. घातलेल्या थेंबापुढे रेघ मारायची.

सोमवार व्यवस्थित गेला. फक्त मामांनी मला शाळेत तीनदा फोन केला. एकदा काडेपेटी कुठं आहे म्हणून, एकदा पाऊस आला, कापडं भिजत्यात म्हणून, आणि तिसऱ्यांदा थेंब नीट पडला हे सांगायला. तिसऱ्या वेळी मी सातवीच्या वर्गात होते. शाळेत त्या दिवशी तपासणी होती, हेडबाई दारात उभ्या होत्या. मी फोनवर म्हणाले, "मामा, सारखा सारखा फोन करू नका. मला इथं दुसरी कामं असतात." आवाज माझाच होता, पण मला तो नीट ओळखू आला नाही. पलीकडून मामा म्हणाले, "बरं." फोन ठेवला. वर्ग चिडीचूप झाला होता.

घरी गेल्यावर पाहिलं तर तक्त्यावरच्या रेघा सगळ्या जागच्या जागी होत्या.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. सकाळचे थेंब मी घातले, डबा भरला, साडेआठला निघाले. आठ वाजून गेले होते आणि भिंत थरथरत नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. उलट आज डोकं जरा हलकं आहे असं वाटल्याचं आठवतं.

चार वाजता शाळा सुटली. वडगावच्या वळणावर आले आणि पाय थांबले. एरवी या रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खडखडाट असतो, माणसं ओरडून बोलतात. आज सगळं गप्प होतं. दारं उघडी, अंगणात बायका निवांत बसलेल्या. आषाढ लागला होता. देवीची यात्रा जवळ आली होती आणि यात्रेआधीचे वार सुरू झाले होते.

बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागेल. यात्रेच्या आधी काही आठवडे आमच्याकडे मंगळवार पाळतात. त्या दिवशी शेतात औत जात नाही, माग चालत नाही, घरात दळण नाही, तव्यावर भाकरी नाही. सगळं गाव एक दिवस हातपाय आवरून बसतं. मी खानापूरकडची, माझ्या माहेरीही वार पाळायचे. लहानपणी मंगळवारी शिळा भात खायचा कंटाळा यायचा म्हणून मी रडायची. म्हणजे मला हे माहीत नव्हतं असं नाही. सासूबाई होत्या तोवर त्या पाळायच्या. त्या गेल्यावर शाळा, डबा, घर यात माझ्याकडून ते सुटलं. आणि आता मी एका माणसाच्या एकुलत्या एका डोळ्याचं वेळापत्रक अशा मागांवर लावून ठेवलं होतं, जे मंगळवारी चालत नाहीत.

मी घरापर्यंत पळतच गेले. या वयात पळणं शोभत नाही, पण पळाले.

मामा कॉटवर उताणे पडले होते. स्टुलावर तिन्ही बाटल्या ओळीनं उभ्या, सकाळी मी ठेवल्या तशाच. तक्त्यावर सकाळच्या माझ्या रेघा, पुढं काही नाही. गॉगलखालून गालावर पाणी ओघळत होतं. मी गॉगल काढला. डोळा लालभडक होता आणि उजेड लागताच त्यांनी तोंड वळवलं.

"मामा, थेंब?"

"माग थांबलंच न्हाईत गं."

"थांबले नाहीत म्हणजे सुरूच झाले नाहीत! आज वार आहे!"

"व्हय. आधी वाटलं करंट गेलाय. मग दुपारी ध्यानात आलं, वार हाय म्हणून."

"मग घालायचे की अंदाजानं!"

"अंदाजानं कसं घालायचं? कमी-जास्त झालं आन डोळा गेला तर? एकच हाय की."

"कधीपासून दुखतंय?"

"जेवणापास्नं. लई न्हाय."

"मग मला फोन का नाही केला?"

मी परत विचारलं, जरा ओरडूनच. तेव्हा मामा छताकडे बघत म्हणाले, "तूच म्हणालीस न्हवं काल. सारखा करू नका म्हणून."

माणूस दुपारपासून एकुलता एक डोळा ठणकत असताना गप्प पडून राहिला, कारण मी आदल्या दिवशी त्याच्यावर खेकसले होते. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो त्यांच्यावरच आला. रिक्षात बसल्यावर मी बडबडत होते, की तुम्हाला कळत नाही का, एवढं साधं कळत नाही का. मामा "व्हय, व्हय" म्हणत होते. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला मी किती वाईट सून दिसत असेन, असंही मनात आलं.

डॉक्टरांनी बराच वेळ यंत्रातून बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "अख्खा दिवस?" मी होय म्हणाले. मागाची आणि वाराची हकिगत सांगायची मला लाज वाटली, मी एवढंच म्हणाले की माझी चूक झाली. आत सूज आली होती. आता दर तासाला थेंब, झोपेपर्यंत, आणि पहाटे उठल्यापासून परत. उद्या सकाळी दाखवा.

"डोळा राहील ना?" मी विचारलं.

"उद्या बघू," ते म्हणाले.

परतीच्या रिक्षात माझ्या मनात जे आलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला मामांची काळजी वाटली होतीच. पण त्याच्या आधी, त्याच्यापेक्षा मोठ्यानं, एक विचार आला: हा डोळा गेला तर माझी सुटका नाही. हात धरून न्यायचं, ताटातला घास कुठं आहे ते सांगायचं, न्हाणीपर्यंत सोबत जायचं, आणि हे सगळं मी, फक्त मी, निवृत्तीनंतरही मी. त्यांचा अंधार मला दिसलाच नाही, मला माझे दिवस दिसले. शेजारी मामा गॉगल लावून गुडघ्यावर हात ठेवून बसले होते.

नवऱ्याला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण तू लक्ष द्यायला हवं होतंस." मी फोन बंद केला. बंद केला म्हणजे पूर्ण बंद केला, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. आठवतो तो फक्त तास. थेंब घातला की पुढचा तास सुरू. तासात भात लावायचा, तासात कपडे, तासात अंघोळ. दोन थेंबांच्या मध्ये मी बसल्या जागी डुलक्या घ्यायची आणि दचकून उठायची. शाळेत पंधरा दिवसांची रजा टाकली, हेडबाई नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या "बरं" मध्ये काय काय असतं ते मला आता कळायला लागलं होतं.

बुधवारी डॉक्टर म्हणाले, वाढलं नाही. गुरुवारी म्हणाले, जरा कमी आहे. शनिवारी त्यांनी मामांना समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मामा तिसरी ओळ वाचून थांबले, मग चौथीही वाचली. डॉक्टर खुर्चीत मागे रेलले. "वाचलात," म्हणाले. ते मामांना म्हणाले की मला, माहीत नाही. दर तासाचे थेंब संपले, परत दिवसाला सहा. घरात गॉगल काढायला परवानगी मिळाली.

रिक्षात बसल्यावर मामा माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ की मी पदर सावरला. मग म्हणाले, "केस पिकलं की गं तुझं."

"कधीच पिकलेत मामा."

"मला दिसलं न्हवतं," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "लई वाळलीस."

मी बाहेर बघितलं.

त्यानंतरचा मंगळवार. सकाळचे थेंब घालून मी स्वयंपाकघरात गॅसवर तवा ठेवून पीठ मळत होते. मामा दारात येऊन उभे राहिले. सासऱ्यांनी स्वयंपाकघरात पाय टाकायचा नाही असा काही नियम नाही, पण ते कधी टाकत नसत.

"काय कराय लागलीस?"

"भाकरी."

"आज वार हाय."

"असू दे. तुम्हाला जेवायला नको?"

"कालचा भात हाय, दही हाय. वाराला तवा चढत न्हाय." मग दाराची चौकट धरून म्हणाले, "माग बंद. औत बंद. समदं गाव बसलंय. तू तेवढी चालू."

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. पुढे आले आणि त्यांनी गॅस बंद केला. त्यांना तो बंद करता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

"जा, पड जरा."

"आणि थेंब? आज माग नाहीत, माहीत आहे ना?"

"घड्याळ हाय की सोप्यात. दिसतंय मला."

माझा विश्वास बसला नाही. मास्तरीण ती मास्तरीण, मी परीक्षाच घेतली. "सांगा बघू किती वाजले?" मामा मागे वळले, सोप्याच्या दाराशी गेले, मान थोडी तिरकी करून बघितलं. "नवाला सात कमी." मी जाऊन बघितलं. नऊला सात मिनिटं कमी होती.

हात धुऊन मी माझ्या खोलीत जाऊन पडले. पडल्यावर लगेच झोप येत नाही, अंग दुखत असतं, कान उघडेच असतात. सोप्यातून मामांचा आवाज येत होता. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलतात, पलीकडचा माणूस गोव्यात आहे म्हणजे तिथपर्यंत आवाज पोचला पाहिजे अशा हिशेबानं.

"रविवारी ये. आठ दिस राहायचं... न्हाय, डोळा झक्कास हाय. डोळ्यासाठी न्हाय म्हणतोय मी. तिच्यासाठी ये."

तेव्हा मला रडू आलं. आठ दिवसांचं राहिलेलं सगळं. उशीत तोंड घातलं, कारण आवाज गेला असता तर ते परत विचारायला आले असते, आणि मला त्या वेळी कुणाला काही सांगायचं नव्हतं.

जाग आली ती दचकून. घरात कसलाच आवाज नव्हता. भिंत गप्प, गल्ली गप्प. मी उठून तशीच धावले. सोप्यातल्या घड्याळात सव्वादोन वाजले होते. अकरा गेले, दीड गेला. स्वयंपाकघराच्या दारावर तक्ता होता. अकराच्या पुढे रेघ. दीडच्या पुढे दोन रेघा. वाकड्या, जाड, माझ्या लाल पेनानं मारलेल्या. मागच्या खोलीत मामा कॉटवर भिंतीला टेकून बसले होते, गॉगल काढून. डोळा पांढराशुभ्र नव्हता, कडेला अजून थोडी लाली होती. पण तो उघडा होता आणि माझ्याकडे बघत होता.

"उठलीस कशाला? तीनचा हाय अजून. मी बघतोय. जा, पड."

एरवी मी काहीतरी बोलले असते. बाटली तपासली असती, पापणी ओढून बघितली असती, निदान जेवलात का असं तरी विचारलं असतं. त्या दिवशी मी नुसती "बरं" म्हणाले आणि परत जाऊन पडले. तीनचा थेंब पडलेला मी बघितला नाही. मी झोपले होते.